तक्रार

सोहारला मासळी बाजाराच्या मागे
आमचं टायपिंगचं दुकान, खुर्च्या दोन.
दुपारी आला शौकत हमदुले, गाव वेळास,
हातात पिशवी, पिशवीत चार जॉबकार्डं,
वॉरंटीची वही,
आणि का कोण जाणे, किल्ली ज्यातून आली ते खोकंही.

"लिही," म्हणाला, "पिकअप नवी आहे.
सीटवरचं प्लास्टिक मी अजून काढलेलं नाही.
सपाटीवर शहाण्यासारखी चालते.
चढण लागली की तिसऱ्यातून हात सोडते.
मागे बर्फ, बर्फात सुरमई,
आणि त्याच्यामागे ट्रेलरवाला, भोंग्यावर बसलेला."

कार्डं मी ओळीने मांडली.
पहिल्यावर: दोष आढळला नाही.
दुसऱ्यावर: तेल बदलले.
तिसऱ्यावर: चालकास गिअर टाकण्याची पद्धत समजावली.
(तेवीस वर्षं चालवतोय हा माणूस.)
चौथ्यावर नुसता शिक्का, तोही उलटा.

मी वकील नाही.
माणगावच्या कोर्टाबाहेर काकांच्या टेबलाशी
अर्ज लिहायला शिकलो, तेवढंच.
इथे आलो तेव्हा गंमत वाटली,
तिथले सगळे शब्द इथे आपापल्या माहेरी:
अर्ज, हक्क, कायदा, वकील.
उच्चार घशातून, पण चेहरे तेच.
वाटलं, यांच्या ओळखीवर निभावेल.

ग्राहकांच्या कचेरीत काउंटरवर तरुण बाई.
माझ्या मोडक्या अरबीत सुरुवात केली,
आणि घाईत तोंडून मराठी निसटलं: तक्रार.
तिचं पेन थांबलं.
"तक्रार? किती वेळा?"

तेव्हा कळलं.
तिच्या भाषेत तक्रार म्हणजे गाऱ्हाणं नव्हे,
तक्रार म्हणजे पुन्हा. आणि पुन्हा.
वाटेत कुठेतरी, गलबतात की दरबारात,
पुन्हा पुन्हा सांगून थकलेल्या कुणीतरी
या शब्दाला आमचा अर्थ दिला असणार.
"चार," मी म्हटलं.
तिने चार लिहिलं, खाली रेघ ओढली.
म्हणाली, एकदा बिघडली तर दुरुस्ती.
तीच खोड पुन्हा पुन्हा निघाली
तर बदली गाडी, नाहीतर पैसे, हे मागता येतं.
मग विचारलं, "मालक कोण?"

शौकत माझ्याकडे बघायला लागला.
हप्ता त्याचा. डिझेल त्याचं.
घाटात मागे लावायचा दगड त्याचा.
मुल्कियावर नाव अरबाबचं.

अरबाब खमीस, वय सत्तरीपार, गुडघे गेलेले.
वाटलं, हा कशाला येतोय.
आला. काठी आपटत थेट शोरूममध्ये,
चकचकीत फरशीवर चपलांची वाळू सांडत,
आणि मॅनेजरला एकच शब्द म्हणाला: "ऐब."
तो आमच्याकडेही आहे.
पण गाडीतला ऐब म्हणाला की मॅनेजरचा,
ते मी भाषांतर केलं नाही.
सही मात्र त्याने अर्जावर केली, आडवी, कागद फाटेल अशी.

तपासनीस आला त्या मंगळवारी
पिकअप अशी चालली, अशी चालली,
मुलगी बघायला आल्यावर पोरगी चालते तशी.
चढण, उतार, पुन्हा चढण.
तपासनीसाने वहीत काही लिहिलं नाही.
शौकत शेजारी बसून, मला नंतर म्हणाला,
मनातल्या मनात दुआ मागत होता
की बंद पड, बाई, एकदा बंद पड.
स्वतःच्याच गाडीसाठी.

रात्री पावणेबाराला फोन.
मागे वारा, ट्रेलरचा भोंगा,
आणि थेंब थेंब काहीतरी, बहुधा बर्फ.
"पडली!" ओरडला. "त्याच जागी! तिसऱ्यातच!"
मासळी वाया जाणार होती, सगळी,
आणि माणूस हसत होता.

"तो चार खोड," म्हणाला.
"पाच कर."

मी उठून दिवा लावला.