हवाई अंतर

नकाशावर घर म्हणजे एक लाल बलून.
पालकाने तो ओढून आपल्या छपरावर ठेवायचा,
मग संगणक शाळेपर्यंत सरळ रेघ मारतो.
रेघ कावळ्याची.
पार्कसाइटच्या डोंगरावरून खाली यायला
एकशे बावीस पायऱ्या, एक नाला,
आणि खांदा आडवा करून जायची एक गल्ली:
हे तिच्यात धरत नाहीत.

मी वॉर्डाच्या शिक्षण विभागात लिपिक.
पंचवीस टक्क्यांचं टेबल माझं.
त्याचा एक पाय आखूड, खाली जुनं परिपत्रक
आठ घड्या करून सारलंय.
धोरणाने कशाला आधार दिलेला
मी पाहिला, तो एवढाच.

वंदना धिवार आली
भाडेकरार, जातीचा दाखला
आणि नवरा कुठे आहे ते माहीत नसल्याचं प्रतिज्ञापत्र घेऊन.
मुलगा, प्रणित, टेबलाखाली बसून
माझ्या बुटाची नाडी सोडत होता.
लॉटरीत नाव लागलेलं.
पण सायबरवाल्याने बलून भलतीकडे ठेवलेला.
पडताळणीत अंतर भरलं एक किलोमीटर चाळीस मीटर.
ती म्हणाली, चाळीस म्हणजे किती?
आमच्या नळापासून पिठाच्या गिरणीपर्यंत?
मी म्हटलं, साधारण तेवढंच.

त्या शाळेत मी आदल्याच आठवड्यात गेलो होतो.
दारात काचेच्या पेटीत मासे.
दलालसरांनी चहा मागवला, म्हणाले,
तीन वर्षांची प्रतिपूर्ती थकली आहे,
गरिबांना शिकवायचं आम्ही आणि फोटो त्यांचे,
सांगा तुमच्या शासनाला.
शासन तेव्हा बशीवर वाकून
चहात पडलेलं बिस्कीट चमच्याने काढत होतं.
माझी ईशिता त्याच शाळेत, तिसरीत, पूर्ण फी भरून.
पतपेढीचा हप्ता पगार हातात येण्याआधीच कापला जातो.
हे मी दलालसरांना बोललो नाही.
त्यांना माहीत होतं.

जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडण्याआधी,
मी बलून गिरणीपाशी सरकवला.
नऊशे ब्याण्णव.
शिक्का मारला.
वंदनाने आभार मानले नाहीत,
फक्त मुलाला म्हणाली, साहेबांची नाडी बांध.
त्याला गाठ येत नव्हती.
त्याने दोन्ही टोकं बुटात खोचली.

जूनमध्ये ठोसरबाईंचा फोन.
पायथ्याची महापालिकेची मराठी शाळा,
जिथे तिसऱ्या बाकावर मी कर्कटकाने
माझं नाव कोरलं होतं, र ला उकार उलटा देऊन.
प्रणित धिवार आमच्या पहिलीत येणार होता, बाई म्हणाल्या,
तीनदा डोंगर चढून गेले त्याच्यासाठी.
पायाचं माप घेऊन बूटही मागवले.
आता पट एकोणीस.
आवाजात तक्रार नव्हती.
हजेरी संपवून आकडा फळ्यावर लिहावा,
तसं त्यांनी सांगितलं.

वीसच्या खाली गेलं की फाईल निघते,
आणि फिरून फिरून ती माझ्याच टेबलावर येते.
तिच्यात बंद हा शब्द कुठेच नसतो.
समायोजन असतो.
नमुन्यात एक रकाना:
नजीकची शाळा, अंतर.
म्हणून एकोणीस बलून घेऊन बसलोय
सकाळपासून,
आणि प्रत्येकाला कुठली ना कुठली गिरणी
आहे का बघतोय.
कायदा वाचला, अधिकाराचाच आहे.
साहेबांनी आत बोलावलं, म्हणाले, आपल्या हातात काय असतं?
मी बोटांकडे पाहिलं.

काल शिपाई एक खोकं देऊन गेला.
वर बाईंचं अक्षर: कुणाला बसले तर बघा.
आत काळे बूट, नाडी न ओवलेले.
टेबलाखाली ठेवलेत.
दलालसरांच्या शाळेत
तपकिरी चालतात फक्त.