शेऱ्याचा रकाना

पेठ सोडून घाट उतरलं की जीपमधला रेडिओ खरखरतो,
मोबाईल गप्प होतो,
आणि वर आभाळात अकरा उपग्रह लख्ख ऐकू येतात.

करंजपाड्याच्या कातळात पितळी खूण आहे,
दिवाळीनंतर मीच बसवलेली.
तिच्यावर तिपाई, तिपाईवर अँटेना.
उंची तीन बाजूंनी मोजायची, तीनदा लिहायची :
एक मीटर चारशे बारा, चारशे बारा, चारशे तेरा.
मग बहात्तर तास काही करायचं नाही.
बसायचं.

जमीन हलली ती पौषात.
आधी आवाज, सुरुंगासारखा,
आणि पंचक्रोशीत सुरुंग कुणी लावलेला नव्हता.
तीन पूर्णांक चार. वर्तमानपत्रात दोन ओळी.
इथं लोक महिनाभर अंगणात निजले,
नागलीची पोती उशाला घेऊन.

हिरूबाई गावित उंबराखालून विचारते,
"तुझ्या या छत्रीला कळतं का, गाव कुठं गेलं?"

सगळंच चाललंय, मावशी.
हे गाव, पेठ, नाशिक, रामकुंडाच्या पायऱ्यासुद्धा,
वर्षाला पेर-दोन पेरं, ईशान्येकडं,
कुणाचं भांडंही न पडता.
ते आम्ही आधी वजा करतो.
सगळ्यांचं मिळून जे जातं ते धरायचं नाही.
उरेल ते या गावाचं.

तिनं पान थुंकलं, विचार केला.
"म्हणजे रेशनसारखं.
आधी पोत्याचं वजन काढायचं."
मला सहा वर्षांत कुणाला इतकं नीट सांगता आलं नव्हतं.

दुसऱ्या रात्री दोन चाळीसला आकडा उडाला.
सतरा मिलिमीटर!
बॅटरी घेऊन मी अनवाणी धावले.
तिपाईच्या पायाला करडू.
राखणीवरचा सोमा भोये म्हणाला, थंडी होती ताई,
एकटंच ओरडत होतं.
फिल्डबुकात लिहिलं : करडू.
बहात्तर तास पुन्हा पहिल्यापासून.

निघायच्या दिवशी हिरूबाईनं घरी नेलं.
सागाचं दार, नवऱ्यानं घडवलेलं,
बावीस वर्षं एका बोटानं लागायचं.
आता वरच्या उजव्या कोपऱ्यात अडतं.
सोमा रंधा घेऊन आला होता,
तिनं परत पाठवला.
"राहू दे. घासलं तर मला कळणार कसं,
अजून किती गेलं ते?"

नाशिकला, कॉलेज रोडवरच्या तिसऱ्या मजल्यावर,
पंख्याखाली दोन दिवस हिशेब चालला.
सगळं वजा करून उरलं :
दोन मिलिमीटर, नैर्ऋत्येला.
चुकीला जागा : अधिक-उणे तीन.
म्हणजे खूण सरकली.
किंवा सरकली नाही.

दाबके साहेबांनी पान उलटलं.
"शेऱ्यात दार कशाला? लाकूड फुगतं."
माघात लाकूड फुगत नाही, साहेब.
ते चष्मा पुसत राहिले बराच वेळ.
मग खोडलं नाही, एवढंच.

पुढच्या माघात परत.
तीच खूण, तीच तिपाई, करडू लांब बांधून.
अँटेनेची उंची तीनदा.
मग गावितांचं दार,
माझ्या एका बोटानं.