दुसरं बारसं

वडाळ्याची पालिका शाळा, तिसरा मजला,
अकरा संगणक, त्यातले सात चालू.
खिडकीतून मिठागरं दिसतात
आणि मधूनच जवळजवळ रिकामी मोनोरेल.

नववी ब. म्हटलं, आपापली नावं लिहून द्या,
हजेरीतली नकोत,
फोनमधली, तुमची तुम्ही ठेवलेली.
आधी हशा. मग चिठ्ठ्या.

ओवी-अँटॉपहिल-२०११.
डेंजर-तन्वेश-बी-विंग.
शिफा-नववी-ब, आणि फोटोत गणवेश,
खिशावरचा बिल्ला अगदी वाचता येईल असा.
एकाचं नुसतं 'राजा', पुढे दहा आकडे.
हे काय रे?
'मोबाईल नंबर, मॅडम. विसरायला होत नाही.'

मी ओरडले नाही. ओवीला विचारून
फळ्यावर फक्त जोडत गेले:
नाव, वय, वस्ती,
मैत्रिणीच्या फोटोतला बिल्ला,
त्यावरून शाळा, शाळेवरून सुटायची वेळ.
खडू खाली ठेवला तेव्हा
फळ्यावर ओवी उभी होती,
एकटी, साडेबाराला, फाटकाच्या डाव्या बाजूला.
कुणी हसलं नाही.
पंख्याचा आवाज तेवढा होता.

मग त्यांना बारशाचं सांगितलं.
आत्या पाळण्यावर वाकते,
नाव आधी बाळाच्या कानात, कुर्रर्र,
आणि बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात.
शिफा म्हणाली, आमच्यात कानात अजान देतात.
तेच गं. आधी कान.
मग घर, मग गल्ली, मग शाळेचा दाखला.
नाव असं एकेक उंबरा ओलांडत जातं,
आणि तुम्ही त्याला एकदम
उड्डाणपुलाशेजारच्या होर्डिंगवर चढवता,
पत्त्यासकट.

नवं ठेवा. आवडेल ते ठेवा.
फक्त त्यात स्वतः राहायला जाऊ नका.

मीठलिंबू आलं. पेंगणारा पंखा आला.
तन्वेशनं 'शवेन्त' लिहिलं.
बाळा, उलटा सदरा घातला
म्हणून माणूस ओळखू येत नाही का?
तो तासभर रुसला.

आणि मागच्या बाकावरचा एक
(नाव सांगणार नाही, आजच शिकवलंय)
एरवी तोंड न उघडणारा, म्हणाला,
'मॅडम, तुमचं सापडलं. चार मिनिटं लागली.'

अन्वीची-आई-२००८.
खाली दसऱ्याचा फोटो. मी, लेक,
झेंडूची माळ घातलेली यांची स्कूटर.
नंबरप्लेट धुऊन लख्ख.
मागे सोसायटीची पाटी, तिच्यावर आमचा मजला.
सातही पडद्यांवर मी.

हे गेले, त्याला सहा वर्षं झाली.
चारचौघांत त्यांचं नाव मी कधी घेतलं नाही,
उखाण्यातसुद्धा अडखळायचे,
आणि त्यांच्या गाडीचा नंबर
साऱ्या जगाला वाटून मोकळी झाले.

पोरं गप्प. मग तन्वेशच म्हणाला, रुसवा सोडून,
'होतं असं, मॅडम.'

घंटा झाल्यावर ओवी रेंगाळली.
टाचा उंचावून नवं नाव माझ्या कानात सांगितलं.
मी तिच्या पाठीत हलकेच धपाटा घातला.

रात्री अन्वी झोपल्यावर
बोटानं फोटोची कड आत सरकवत गेले.
पाटी गेली. नंबर गेला. लेकही गेली,
तिला विचारायला हवं होतं, तेव्हा सात वर्षांची होती.
शेवटी उरला स्कूटरचा आरसा,
दोनचार झेंडू,
आणि आरशात फोटो काढणाऱ्याचा हात.

तो राहू दिला.
कुणाचा आहे, कुणाला कळणार नाही.