दोन हजारांच्या अलीकडे

लिलावात घेतली तेव्हा आरपीएमचा मीटर नव्हताच.
म्हणजे तबकडी होती, काटा गेलेला.
पेठ रोडच्या गॅरेजात केदूनाना बोरस्ते
तिच्याभोवती दोनदा फिरले,
स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं,
मूठ कानाला लावली
आणि मला म्हणाले, "थांबा. बोलतेय."

मी नोटप्रेसचा माणूस. एकतीस वर्षं
मशीनच्या आवाजात डबा खाल्ला.
मला आकडा लागतो.
"किती आरपीएमपर्यंत ताणू?"

आत इंदूने ओटा घालून घेतला होता.
कंडक्टरच्या जागी गॅस,
बावीस-तेवीस नंबरच्या सीटवर पलंग.
सीटा उपटल्या तेव्हा पत्र्याच्या फटीतून निघाले
पंच मारलेल्या तिकिटांचे ठिपके,
गुलाबी, पिवळे, काही हिरवट,
मूठभर.
तिने ते डबीत भरले, ठेवले हळदीशेजारी.

"कंपनीचा आकडा चोवीसशे," नाना म्हणाले,
"पण तो हिच्या लग्नाच्या वेळचा.
आता अठराशेत संसार करा.
दोन हजारांनी पाहुण्यासारखं यावं,
चहा घ्यावा, निघावं.
मुक्काम नाही."
मी हसलो. दोन हजार म्हणे!
तो आकडा तर चलनातूनच गेला.

त्यांनी ट्रॅक्टरचा मीटर बसवला,
सुनेची नेलपॉलिश मागवून
काचेवर रेघ ओढली,
लाल, जराशी तिरपी.
सून दारातून ओरडली, उरलेलं परत द्या.

गव्हर्नरच्या स्क्रूला तार, तारेला शिशाचं सील.
"हा अर्धा आटा फिरवला तर?"
नाना हात पुसत राहिले.
"तुमच्या प्रेसात असं कुणी काही फिरवायचं का?"
मी गप्प.

मग सावळघाट.
चढाला दुसरा गिअर, काळा धूर,
मागे भांड्यांची कुजबूज,
आणि काटा सोळाशेवर, मान खाली घालून
ओढणाऱ्या बैलासारखा.
"बघा नाना, रेघ केवढी लांब आहे!"
ते खिडकीबाहेर बघत होते.
ते आलेच होते उतारासाठी.

माथ्यावर मी खुशीत तिसरा टाकला.
रस्ता खाली वळला.
पाय उचलला. पूर्ण उचलला.
काटा तरी चढतोय.
अठराशे. एकोणीसशे.
डिझेलचा थेंब आत जात नाही, तरी ती किंचाळते,
चाकंच इंजिनला फिरवतायत,
सगळा उलटा कारभार.
रेघ काट्याखाली गेली.

"दुसरा टाकू?"
"आत्ता टाकलात तर रॉड बाहेर येईल
आपल्याला बघायला.
ब्रेक. धरून नका ठेवू. दाबा, सोडा. दाबा."
एकवीसशे. बावीस.
मागे डबी पडल्याचा आवाज,
इंदूचा मात्र काहीच आवाज नाही.

वळणाच्या जरा अलीकडे काटा परतला.

गाडी कडेला लागली. ब्रेकचा जळका वास.
नाना चाकाशी उकिडवे बसले,
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "गव्हर्नर डिझेल अडवतो हो.
डोंगर अडवत नाही.
चढायला जो गिअर लागला, उतरायला तोच.
आणि तो माथ्यावर घ्यायचा,
अर्ध्यात आठवून उपयोग नाही."

आता उतरतो दुसऱ्यात.
मागचे ट्रक हॉर्न मारतात, मारोत.
"किती?" इंदू विचारते.
"सतरा."
ती पुन्हा लसूण सोलायला लागते.
ठिपके अजून सापडतात,
पलंगाखाली, चपलेत,
एकदा तर वरणात.

नानांच्या सुनेची बाटली परत करायची राहिलीच.
रेघ उन्हाने फिकी पडते.
दर दिवाळीला इंदू ती नव्याने ओढते,
चष्मा लावून, श्वास रोखून,
आणि दर वेळी
थोडी अलीकडे.