जखम नाही

इन्व्हरकार्गिल. अग्निशमन केंद्राची वरची खोली,
हीटर एका बाजूनंच तापणारा.
नर्स मेरेआना म्हणाली, टॉर्च काढा,
शेजाऱ्याच्या पापणीच्या आत बघा, कानामागं बघा.
लाल ठिपके असतात, मोहरीहून बारीक.
नसले, तरी तिचं ऐका.

"गळा दाबला का, असं विचारू नका.
नाही म्हणेल.
तिच्या लेखी गळा दाबलेली बाई मेलेली असते.
मानेला कुणाचा हात लागला होता का, विचारा.
आणि मग गप्प बसा."

मी गप्पच होतो.
एकोणीस वर्षांमागं ब्लफच्या रस्त्याला
कॅरव्हॅनच्या पायरीवर एक बाई,
पाण्याचा घोट घ्यायची, घोट परत पेल्यात.
आवाज घोगरा. सर्दी झालीय का, मी विचारलं.
ती हसली,
गाउनचा ओला घोळ गुडघ्यांत दाबत.
वहीत लिहिलं: जखम नाही. दोन वाजून दहा मिनिटं.
नावाचं स्पेलिंग मात्र
दोनदा विचारून घेतलं होतं.

"काही दिसतंय का?"
आनाहेरा, वय तेवीस, माझी नवी जोडीदार,
केस मागं धरून बसलेली.

नाही, म्हणालो,
आणि टॉर्च तसाच धरून राहिलो.