चौथा फ्लोट

विनिपेगचा एप्रिल खालून येतो.
नदीवर अजून बर्फ, पण चिकणमाती आतून सुटलेली,
आणि युक्रेनी चर्चच्या हॉलखाली, तळघरात,
पिंपाएवढा खड्डा,
त्यात दोन पंप,
भांडण झाल्यासारखे शेजारी शेजारी.

लॉर्न डेजार्ले म्हणाला, पोरी, वायरला नंतर हात लाव.
आधी पाणी कुठवर येतं ते बघ.
मग ओलसर भिंतीवर खडूनं चार रेघा,
तळापासून वर.

सगळ्यात खालची : थांबा.
पाणी पंपाच्या जाळीखाली गेलं
तर कोरडा फिरून जळेल.
दुसरी : एकानं निघा.
तिसरी : एकट्याला आवरत नाहीये, दुसऱ्याला उठवा.
चौथी : आता माणसांना हाक मारा.

रेघा लांब ठेव, म्हणाला,
मोटार चालून मरत नाही,
सारखी उठवून मरते.

फ्लोट म्हणजे नारंगी प्लास्टिकचा एक पेरू,
पोटात लोखंडी गोळी.
पाणी चढलं की पेरू कलतो,
गोळी घरंगळते, जोड लागतो.
मान खाली, बंद. मान वर, चालू.
केबल किती मोकळी सोडायची याचं माप
लॉर्नच्या हाताची एक वीत,
माझ्या हाताची सव्वा.

पहिला पंप घासून चकचकीत.
अकरा वर्षं त्यालाच एकट्याला हाक जायची.
दुसरा नवाकोरा, आणि जाम.
जाळी काढून पान्यानं पंखा हलवला
तेव्हा गंजाचा चुरा पडला, चहापत्तीसारखा.
लॉर्ननं पॅनेलमध्ये पाळीचा रिले बसवला,
काड्यापेटीएवढा :
या खेपेला हा, पुढच्या खेपेला तो.

चौथ्या फ्लोटपाशी मी थांबले.
तो वाहतच नव्हता कशावर.
विटेला बांधून बुडवलेला,
जांभळ्या फितीनं, नीट गाठ, वर फुलपाखरू.
पुष्पचक्राची फीत. सोनेरी अक्षरं अर्धी धुतलेली.

वर स्वयंपाकघरात बारा बायका
पेरोही करत होत्या, करंजीसारखी मुरड घालून,
शुक्रवारच्या विक्रीसाठी आठशे.
चाचणीला पाणी हवं म्हटल्यावर
पारास्कानं बटाटे उकडल्याचं पाणी दिलं,
निवलेलं, दुधट, बादलीमागून बादली.
जिन्यावरून आणताना माझे बूट चिकट झाले.

दुसरी रेघ. टक्. एक उठला.
आम्ही ओतत राहिलो.
तिसरी रेघ. दुसरा खोकला, अडखळला, लागला.
मग दोन्ही बंद करून आणखी चार बादल्या,
आणि भोंगा.
वरची लाटणी थांबली. सगळीच.

पारास्का खाली आली, हातांना पीठ.
फीत बघून खुर्चीवर बसली.
ओस्तापची, म्हणाली. तीस वर्षं झाडायचा इथे.
त्याची हान्का वर पेटीत होती
आणि प्रार्थनेत हे तीनदा वाजलं.
तिसऱ्यांदा तो चांगल्या सुटातच खाली उतरला.
परत आला तेव्हा बाह्या कोपरापर्यंत ओल्या.
कुणी काही विचारलं नाही.
नंतर तोही गेला. आम्हाला वाटायचं,
पाणी आता वर येत नाही.

लॉर्न बराच वेळ पेन्सिल चावत राहिला.
मग व्हॅनमधून एक बटण आणलं, वायर वर खेचली,
स्वयंपाकघराच्या दाराशी, चहाच्या कपांच्या खाली.
हे दाबलं की आवाज बंद, पारास्काला दाखवलं.
दिवा मात्र लाल राहील, पाणी उतरेपर्यंत.
तिनं दोनदा दाबून पाहिलं.

बिलात ते बटण नव्हतं. मी विचारलं,
तर म्हणाला, लिहायला विसरलो.
डॅशबोर्डवर पेरोह्यांची पिशवी वितळत होती.
फितीचं काय केलं ते मी पाहिलं नाही.
वीट तेवढी खड्ड्याशेजारी ठेवली आहे,
झाकण वाऱ्यानं उडू नये म्हणून, असं तो म्हणाला,
तळघरात, जिथे वारा नाही.