डाव्या बाजूचा आरसा

डेन्झिलच्या मानेत आता दोन मणके एक झालेत,
मध्ये टिटॅनियमची पट्टी, चार स्क्रू.
हाक मारली की तो सगळाच वळतो,
भिंतीपासून कपाट सरकवावं तसा.

त्याचा भाऊ म्हणाला, विकून टाका ती कॅराव्हॅन.
म्हणून आम्ही दुसऱ्याच दिवशी
कडिनाच्या दुकानात आरसे बघायला गेलो.

काउंटरवरच्या पोरानं तीन जोड्या मांडल्या.
पट्ट्यांनी बांधायचे स्वस्त,
पण ऐंशीच्या पुढे थरथरतात,
मागचा ट्रक विहिरीत पडल्यासारखा दिसतो.
चिमट्यांचे बरे. पण दर पेट्रोल पंपावर
उतरून सरळ करायचे.
आणि मूळचे काढून त्या जागी बसवायचे, लांब हातांचे,
बटण दाबलं की सरकत बाहेर येतात
गोगलगाईच्या शिंगांसारखे.
त्यांची किंमत ऐकून डेन्झिल मान हलवायला गेला.

"कॅराव्हॅन तुमच्या गाडीहून
दोन्हीकडे वीतभर जास्त रुंद," पोरगा म्हणाला,
"तेवढा हात बाहेर काढावाच लागतो."
मग काच. सपाट काच अंतर खरं सांगते,
पण दाखवते थोडंसंच.
बहिर्गोल सगळं दाखवते,
फक्त जवळचं लांब आहे म्हणून सांगते.
"माझी आई बहिर्गोल होती," डेन्झिल म्हणाला.
पोरगा उशिरा हसला.

मी काही बोलले नाही.
एकतीस वर्षं डावा आरसा मीच होते.
खिडकीतून अर्धी बाहेर, केसांत धूळ,
डोळ्यांत तेल घालून:
येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बास.
स्ट्रीकी बेला एका संध्याकाळी
मी "मोकळं" म्हणाले आणि मोकळं नव्हतं.
कुंपणाचा खांब, मग बाथरूमची भिंत,
मग माझा डब्यातला सगळा चहा जमिनीवर.
कॅम्पवरच्या लोकांना तो म्हणाला,
माझाच अंदाज चुकला.
मला मात्र काहीच म्हणाला नाही,
ना त्या रात्री, ना नंतर.
एकदा तरी म्हणायला हवं होतं.

महागडेच घेतले.
उजवीकडे सपाट, डावीकडे बहिर्गोल.
अंगणात कॅराव्हॅन जोडून तो आत बसला
आणि मी लाल बादली हातात घेऊन
मागे मागे चालत राहिले.
"दिसतेस," तो ओरडायचा. "दिसतेस. दिसतेस."
शेजारचा कुत्राही कुंपणापाशी येऊन बसला.
कॅराव्हॅनच्या बरोबर मागे आले तशी
"गेलीस."

मी तिथेच उभी राहिले.
कुठल्याच आरशात नसलेल्या त्या जागेत
सावली होती, गॅसच्या टाकीचा वास होता,
आणि नंबरप्लेटवर मागच्या प्रवासातला
वाळलेला टोळ.
मी त्याला दिसत नव्हते. तो मला दिसत नव्हता.
बादली खाली ठेवली.
"मर्ल?" थोड्या वेळानं हाक आली.
"मर्ल, आहेस ना?"
मी लगेच उत्तर दिलं नाही, हे खरं.

आता पोर्ट ऑगस्टा मागे पडलंय.
डावा आरसा माझ्या खिडकीला खेटून आहे,
पण कोन त्याच्या डोळ्यांसाठी लावलेला.
माझ्या जागेवरून त्यात कॅराव्हॅन दिसतच नाही.
कापलेल्या गव्हाचे सड दिसतात,
तारेचं कुंपण, एक पाण्याची टाकी,
तिच्यावर बसलेले गुलाबी गाला काकाकुआ,
आणि पुन्हा सड.
मला ह्या रस्त्याला शेतं आहेत
हे माहीत होतं. बघितली नव्हती.

तीन डब्यांचा रोड ट्रेन वारा देऊन गेला,
आरसा हलला नाही.
पुढे एका हळू ट्रॅक्टरला मागे टाकून
डाव्या लेनमध्ये परत येताना
सगळं दिसत असूनही त्यानं विचारलं,
"मोकळं?"

मी काचेत बघितलं.
क्षितिजापर्यंत काही नव्हतं.
"मोकळं," मी म्हणाले.